शब्दचर्चा: ‘डीमन हंटर’ला मराठीत काय म्हणायचं?

शाहूपुरीकर (सातारा):
किशोरवयीन वाचकांसाठीच्या एका इंग्रजी कादंबरीच्या अनुवादातला प्रश्न आहे. काळ व्हिक्टोरिया राणीचा, शहर लंडन, डीमन मारणारी एक गुप्त घराणी-परंपरा, आणि मधोमध प्रेमकथा. यातले डीमन दुसऱ्या जगातून येतात. त्यांना स्वतःचं शरीर आहे, घाव बसला की रक्त येतं. मसुद्यात सध्या ‘राक्षस शिकारी’ आहे, दोन सुटे शब्द. खटकतंय. काय करावं?

मिरजकर:
खटकतंय कारण तो राक्षसच शिकारी वाटतो. ‘राक्षस नवरा’, ‘राक्षस मास्तर’ तसा ‘राक्षस शिकारी’. जोडून ‘राक्षसशिकारी’ लिहिलं तरी शंका पुरती जात नाही, कारण मराठीत ‘वाघशिकारी’ कुणी म्हणत नाही. वाघाचा शिकारी म्हणतो, नाहीतर सरळ वाघमारे. तेव्हा षष्ठी घाला: राक्षसांचा शिकारी.

पण तीनशे पानांत ‘राक्षसांच्या शिकाऱ्यांनी’ पन्नास वेळा आलं की वाचणारा पुस्तक मिटेल. पूर्ण नाव मुखपृष्ठावर आणि पहिल्या प्रकरणात, पुढे नुसतं ‘शिकारी’. एक सांभाळा. एक शिकारी आणि दहा शिकारी, प्रथमेत दोन्ही सारखेच. ‘शिकारी थांबले’ हे एकाचं आदरार्थी की पुष्कळांचं, ते आधीच्या वाक्यातून कळलं पाहिजे. नायिका शिकार करणारी असेल तर ‘शिकारीण’ नको, हिणवल्यासारखं वाटतं. ‘ती शिकारी आहे’ चालतं. तृतीयेत अडलं तर ‘त्या शिकारी मुलीनं’.

तासगावकर:
‘राक्षसनाशक’ मात्र कृपया नको. द्राक्षबागेत फवारायचं औषध वाटेल, लिटरला दोन मिली. ‘मारेकरी’ही नको, तो सुपारी घेऊन माणूस मारतो. ‘पारधी’ ऐकायला छान आहे, पण ते एका समाजाचं नाव आहे आणि त्या नावावर आधीच पुष्कळ लादलेलं आहे.

वाईकर:
शिकारीचं मिरजकरांनी सोडवलं. खरी अडचण पहिल्या शब्दाची आहे. आपल्याकडे या मंडळींचे दोन वेगळे गोतावळे आहेत आणि अनुवादात त्यांची सरमिसळ होते.

एक गोतावळा मेलेल्या माणसांचा. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती हडळ, वासना राहिलेला ब्राह्मण तो समंध. खवीस हा शब्द अरबीतल्या ‘खबीस’वरून, म्हणजे दुष्ट, नापाक. ही सगळी भुतं. ती लागतात, झपाटतात, धरतात, आणि त्यांना उतरवायचं किंवा काढायचं असतं. ज्याचा देह आधीच गेला त्याला ठार मारणार कसं?

दुसरा गोतावळा जन्मानंच तसे असलेल्यांचा. दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव, दोघींचा नवरा कश्यपच. रावणाची मंडळी पुलस्त्याच्या कुळातली, ते राक्षस. यांना शरीर आहे, राज्यं आहेत, बायकापोरं आहेत, आणि युद्धात ते मरतात. शाहूपुरीकरांच्या कादंबरीतले डीमन या गोतावळ्यातले. म्हणून ‘भूत’ आणि त्याचे सगळे भाऊबंद बाद.

‘वेताळ’ही बाद, कारण वेगळं. आपल्याकडे तो भुतांचा राजा असला तरी गावाचा राखणदारही आहे, त्याला शेंदूर लागतो, नारळ फुटतो. त्याची शिकार लिहिलीत तर खेड्यातला वाचक नायकाच्या बाजूनं उभा राहणार नाही.

आता राक्षस, दैत्य की असुर? ‘राक्षस’ रोजच्या वापरात फार झिजला आहे. ‘राक्षसागत खातंय’ म्हणताना भीती नसते, कौतुकच असतं. बालगोष्टींतला जाड्या, मठ्ठ, माणूसखाऊ डोळ्यांपुढे येतो. ‘दैत्य’ आकाराकडे झुकला आहे, दैत्याकार यंत्र म्हणतो तसा. ‘असुर’ त्या मानानं कमी वापरला गेलाय, आणि ‘आसुरी आनंद’ या रोजच्या वापरात क्रूरपणा अजून धारदार आहे. शिवाय या शब्दाला पूर्वेतिहास आहे. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलंय, इराणी परंपरेत तोच शब्द ‘अहुर’ होऊन देवाचा झाला. ग्रीक ‘डायमोन’ही मुळात वाईट नव्हता, देव आणि माणूस यांच्या मधली शक्ती एवढाच अर्थ, पुढे ख्रिस्ती काळात काळा पडला. दोन्ही शब्द एकाच वाटेनं घसरले. कथेत एखादा डीमन चांगला निघत असेल (अशा कथांत हमखास निघतो) तर ‘असुर’ ते पेलतो, ‘राक्षस’ला जड जातं.

शाहूपुरीकर:
निघतो, वाईकर. तोच नायक आहे, अर्धा. मग शिकाऱ्याला ‘मांत्रिक’ किंवा आपल्याकडच्यासारखं ‘देवरशी’ म्हणता येईल का? काही जागी ते मंत्रही म्हणतात.

वाईकर:
नको. देवरशी, भगत, मांत्रिक, जुना शब्द पंचाक्षरी, हे सगळे बाधा झालेल्या माणसावर काम करतात. अंगारा, लिंबू, धुरी, सगळं त्या माणसावर. तुमचा शिकारी त्या माणसाला हात लावत नाही, थेट असुरावर जातो. शिवाय इथे एक कडू गोष्ट आहे. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं हा गुन्हा आहे. दाभोलकरांच्या साताऱ्यात बसून किशोरांच्या पुस्तकाच्या नायकाला ‘मांत्रिक’ म्हणायचं असेल तर निदान जाणूनबुजून म्हणा.

मंत्रांना वेगळं नाव हवं असेल तर ‘रक्षोघ्न’ घ्या. राक्षसांचा नाश करणारा. वेदांत रक्षोघ्न सूक्तं आहेत. आयुर्वेदात पांढऱ्या मोहरीचं ते एक नाव आहे. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यायला सांगितली आहे. शिकाऱ्यांच्या जुन्या पोथीचं नाव म्हणून शब्द शोभेल. संवादात मात्र कुणाच्या तोंडी घालू नका.

कराडकर:
असुर मारणारा आणि प्रेमकथा म्हटल्यावर कुणालाच पालचा खंडोबा कसा आठवला नाही? ‘मल्हारी’ म्हणजे मल्ल अधिक अरी. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारलं म्हणून ते नाव, चंपाषष्ठी त्याचीच. पौषात तारळी नदीकाठी पालला त्याचं म्हाळसेशी लग्न लागतं. वर बाणाईसाठी तो धनगरवाड्यात चाकर होऊन राहिला. मुरारी, दैत्यारी, त्याच घडणीचे शब्द. तेव्हा घराण्याचं नाव म्हणून ‘असुरारी’ करून बघा. छोटं आहे, विभक्ती सहज लागते.

मिरजकर:
कराडकर, कल्पना झकास, पण ‘असुरारी’ म्हणजे थेट देवाचं नाव. लंडनच्या धुक्यात हॅट घातलेला पोरगा असुरारी म्हटला की कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटेल. शत्रूच्या तोंडी, टोमणा म्हणून एकदा वापरता येईल: ‘आले मोठे असुरारी!’

कराडकर:
हे पटलं.

वाईकर:
शाहूपुरीकर, नायक अर्धा असुर आणि शेवटी लग्न होत असेल, तर एक खड्डा आधीच दाखवतो. ‘राक्षसविवाह’, ‘असुरविवाह’ हे शब्द चुकूनही नकोत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातल्या आठ विवाहांत राक्षस म्हणजे मारहाण करून मुलगी पळवून नेणं, आसुर म्हणजे पैसे मोजून मुलगी घेणं, पैशाच तर त्याहून वाईट. तुमच्या जोडप्याचा विवाह या यादीत गांधर्व ठरेल. नायकाला ‘अर्धासुर’ म्हणा, किंवा दुसऱ्या पात्राच्या तोंडून ‘घटोत्कचाची जात’. भीम आणि हिडिंबेचा मुलगा, वाचकाला एका शब्दात कळतं.

मिरजकर:
प्रेमाच्या बाजूचंही बोलू. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे तिथे जे दिसत नाही ते मराठीत लपवता येत नाही. दोघं पहिल्यांदा भेटतात तेव्हा ‘तुम्ही’ असणार, त्या काळच्या लंडनमध्ये तर नक्कीच. ‘तू’ कुठे होतो ते अनुवादकानं ठरवायचं, आणि एकदाच. सहसा पहिल्या जखमेपाशी, म्हणजे घाईत तोंडातून निसटतं तिथे. पुढे रागावल्यावर पुन्हा ‘तुम्ही’ आणता येतं, तो मराठीचा फायदा. चुकतं ते असं की एकाच पानावर दोन्ही येतात, कारण अनुवाद आठवड्याआड होतो. प्रकरणांचा तक्ता करून कोण कुणाला काय म्हणतं ते लिहून ठेवा.

‘किस’साठी ‘चुंबन’ पाठ्यपुस्तकी, ‘मुका’ लहान पोराचा. ‘ओठ टेकले’ एवढ्यावर काम होतं. ‘प्रेमात पडला’ आता रुळलंय, पण ‘जीव जडला’ त्या काळाला शोभतं.

तासगावकर:
आणि हॅन्समला, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या भाड्याच्या घोडागाडीला, टांगा करू नका. हॅन्सम दोनचाकी असली तरी गाडीवान मागे, उंचावर बसतो. टांग्यात तो पुढे. पाठलागाच्या प्रसंगात कोण कुणाला दिसतं ते सगळं उलटं होईल.

शाहूपुरीकर:
मग ‘असुरांचे शिकारी’, पुढे नुसतं ‘शिकारी’. पहिल्या प्रकरणातलं एक वाक्य सुधारून टाकतो, बघा: ‘शिकाऱ्याचं पातं असुराच्या बरगडीत रुतलं आणि काळं रक्त फरशीवर सांडलं. “तू ठीक आहेस?” त्यानं विचारलं.’

मिरजकर:
पातं बरगडीत अडकतं. रुतवायचं असेल तर ‘बरगड्यांखाली’ करा. आणि पहिल्याच प्रकरणात ‘तू’? ‘लागलं नाही ना तुम्हाला?’ असं घ्या, ‘ठीक आहेस’ला इंग्रजीचा वास येतो.