शुगर ४६ झाली आणि डॉक्टरांनी ईसीजी काढला, हृदयाचा काय संबंध?

तासगावकर: आमचे आण्णा ६८ वर्षांचे, शुगर १४ वर्षांपासून. परवा एकादशीला दिवसभर दोन केळी आणि चहावर राहिले पण रात्रीची शुगर उतरवायची गोळी, ग्लिमेपिराईड, सवयीनं घेतलीच. पहाटे ४ ला आईनं हाक मारली, बघतोय तर बनियन पिळून काढावं इतकं भिजलेलं, जीभ अडखळतीय, मशीनवर ४६. साखरेचं पाणी पाजलं, वीसेक मिनिटांत माणूस ताळ्यावर. मिरजेला नेलं तर ईसीजी काढून एक दिवस ठेवून घेतलं. छातीत काहीच दुखत नव्हतं ओ. आण्णा म्हणतायत उगाच पैसे घालवले.

कृष्णाकाठची_नर्स: उगाच नाही दादा. शुगर एकदम उतरली की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके आणि बीपी वाढतं, रक्तातलं पोटॅशियम कमी होतं, त्यात ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि आधीच हृदयाची रक्तवाहिनी अरुंद असली तर हृदयावर फार ताण येतो. दुसरं म्हणजे जुन्या शुगरवाल्यांच्या नसा बधिर झालेल्या असतात, अ‍ॅटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही, नुसता घाम, दम, उलटी. तो घाम शुगरचा का हृदयाचा हे घरात बसून कसं कळणार? उलटंही होतं, अ‍ॅटॅकच्या ताणानं शुगर ४००-५०० ला जाते आणि घरचे शुगरच धरून बसतात. आणि शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

विट्याचा_पोरगा: आण्णांना बीपीची मेटोप्रोलॉल आहे का? माझ्या वडलांना आहे, त्या गोळीमुळं शुगर उतरली तरी त्यांना थरथर, धडधड काही होतच नाही, फक्त घाम येतो. आम्ही आता घाम दिसला की आधी मशीन काढतो.

मेडिकलवाला_सांगली: तीन महिन्यांची सरासरी किती आहे? फार खाली ठेवायचा हट्ट नको. अमेरिकेत अ‍ॅकॉर्ड नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात ही सरासरी (एचबीए१सी) ६ च्या खाली आणायला गेलेल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ ला तो भाग थांबवला. पण गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

तासगावकर: ५.९ आहे, आणि आम्ही तर पेढे वाटायचे बाकी ठेवलेले. मेटोप्रोलॉल पण आहे. नर्सताईंचं आण्णांना वाचून दाखवलं, जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले ती ईसीजीची फाईल कुठं ठेवलीस, उद्या जाताना घेऊन जाऊ.