चिरेखाणीवर पाय गेला, मालक दोन लाखांवर सही मागतोय. काय करावं?

रातांबा
राजापूर तालुक्यातली चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाची खाण. मार्च २०२५ मध्ये कटर मशीनच्या पात्यात एका कामगाराचा डावा पाय सापडला, गुडघ्याखाली कापावा लागला. वय ३५, रोज ६०० रुपये, महिन्याला २६ दिवस भरायचे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही. मालक दोन लाख देतो म्हणतोय, पण स्टँपपेपरवर ‘यापुढे काही मागणी नाही’ असं लिहून हवंय. वर हंगामाच्या सुरुवातीला दिलेली चाळीस हजारांची उचल त्यातूनच वळती करणार. कुटुंब विजापूरकडचं, परत जायच्या तयारीत आहे. रक्कम किती बसते आणि जायचं कुठे?

खाडीपलीकडे
सही करू देऊ नका, आधी हे.

अपघात मार्च २०२५ चा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यामुळे इथे १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदाच धरायचा.

मजुरी महिन्याला १५,६०० होते, पण हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात (३ जानेवारी २०२० पासूनची मर्यादा). त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्यातल्या तक्त्यात वय ३५ चा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०. ही शंभर टक्क्यांची रक्कम. गुडघ्याखाली पाय कापला आणि उरलेला स्टंप ८.८९ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर परिशिष्टात ५० टक्के, म्हणजे ८,८६,७७०. स्टंप तेवढा किंवा त्याहून आखूड असेल तर ६० टक्के, म्हणजे १०,६४,१२४. फरक पावणेदोन लाखांच्या वर. म्हणून स्टंपची लांबी कागदावर हवीच.

रातांबा
डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘बी. के. ॲम्प्युटेशन, लेफ्ट’ (डावा पाय गुडघ्याखाली कापला) एवढंच आहे. जखम चिघळली म्हणून नंतर दुसरं ऑपरेशन झालं, त्यात आणखी थोडा पाय गेला.

खाडीपलीकडे
मग पहिल्या ऑपरेशनचं माप उपयोगाचं नाही. दुसऱ्या ऑपरेशनचा कागद मागून घ्या आणि टाके सुकल्यावर डॉक्टरांकडून गुडघ्यापासून टोकापर्यंत पट्टीने मोजून, सेंटिमीटरमध्ये, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. गोलमाल शब्द लिहिले की समोरचा वकील त्यावरच वर्षभर घालवतो.

काजूबी
खाडीपलीकडे यांचा हिशोब बरोबर आहे, पण ५० टक्क्यांवर थांबू नका. कायद्यात ‘संपूर्ण अपंगत्व’ म्हणजे अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता ती सगळी करायला तो असमर्थ होणं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने श्रीनिवास सबाता या सुताराच्या बाबतीत, डावा हात कोपराच्या वर गेला होता तेव्हा, सुतारकाम होणार नाही म्हणून शंभर टक्के धरले. खाणीत चिरा उचलणं, रुळावर मशीन सरकवणं, उतारावर उभं राहणं, हे एका पायावर होत नाही, हे अर्जात एकेक काम लिहून मांडा. शंभर टक्के मिळतीलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर मिळतच नाहीत.

याचा आणखी एक फायदा. मालक बहुतेक म्हणेल की पात्यावरचं कव्हर यानेच काढलं होतं. कामगाराने सुरक्षेची वस्तू जाणूनबुजून काढली तर मालकाची जबाबदारी सुटते, आणि हे त्याला सिद्ध करावं लागतं. पण मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर हा बचाव चालतच नाही. नुसतं ‘लक्ष नव्हतं’ हा तर बचावच नाही. कव्हर मुळात मशीनवर होतं का, याचा फोटो आजच काढा. पावसाळ्यात खाण बंद झाली की मशीन हलवतात.

रातांबा
आणि उचल? हॉस्पिटलचं बिलही त्यानेच भरलंय, तेही धरतोय.

काजूबी
कलम ९ प्रमाणे भरपाईतून दुसरं कुठलंही येणं वळतं करता येत नाही. उचलीसाठी त्याने वेगळा दावा लावावा. औषधोपचाराचा खर्च कलम ४ (२अ) प्रमाणे मालकाचाच, तो भरपाईत धरत नाहीत. तडजोड झालीच तर तिची नोंद या कायद्याखालच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे करावी लागते. नोंदवली नाही तर मालकाला पूर्ण रक्कम द्यावीच लागते आणि आधी दिलेल्यातली निम्म्याहून जास्त वजा करता येत नाही. हक्क सोडल्याचं लिहून घेतलेलं कलम १७ ने निरर्थक ठरतं. तरी सही टाळाच. त्या कागदापायी खटला उगाच लांबतो.

वाटूळकर
एक राहिलं. मजुरीचा पुरावा. हजेरीपटावर बऱ्याचदा निम्मी मजुरी असते आणि तीच धरली तर रक्कमही निम्मी होते. मुकादमाच्या वहीच्या पानांचे फोटो, फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी, सोबतच्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जमवा. सोबतचे लोक गावी पांगण्याआधी. जमीनमालक, खाण चालवणारा आणि मुकादम तिघांनाही अर्जात सामनेवाले करा. ठेकेदाराकडून काम करून घेतलं तरी कलम १२ खाली मूळ मालकाची जबाबदारी राहते. विमा असेल तर कंपनीलाही जोडा.

विजापूरला गेलात तरी अर्ज तिथल्या आयुक्तांकडे करता येतो, राहतो त्या जागेवरून. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे मार्च २०२७ च्या आत. वकिलाचे पैसे नसतील तर कुठल्याही कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

रातांबा
मालक म्हणतो कोर्टात गेलात तर दहा वर्षं लागतील.

खाडीपलीकडे
अपघातानंतर महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के सरळ व्याज चढतं. ८,८६,७७० वर महिन्याला सुमारे ८,८६८ रुपये. सबळ कारण नसताना उशीर केला तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. उशिराचा खर्च त्याच्याच खिशातून जाणार. त्याला पूर्ण रक्कम मान्य नसली तरी जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम आधी भरावी लागते, ती मागणी अर्जातच लिहा. आणि आज लेखी नोटीस पाठवा, नोंदणीसह स्पीड पोस्टाने, अपघाताची तारीख, जागा आणि कारण लिहून. पोचपावती जपून ठेवा.