मदत हवी आहे: नवीन आवृत्ती घ्यावी की जुन्यावरच खेळावं? शनिवारच्या आत सांगा

वर्तकनगरी (धागाकर्ता)
मंडळी, वेळ नाही म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्याकडे जुनं पुस्तक आहे, आता सुधारित आलंय. ठाण्यातल्या एका दुकानदाराने एक प्रत माझ्यासाठी बाजूला ठेवलीय, तीही शनिवारी दुपारपर्यंतच. ४,२०० सांगतोय. माझ्याशिवाय पाच जण आहेत, त्यातल्या एकीला नवीनच हवंय, एक जण नाव काढू देत नाही. या वादात मागचे दोन शनिवार खेळ झालाच नाही. घ्यावं की नाही? 'तुमच्या गरजेवर अवलंबून आहे' असलं उत्तर कृपया नको.

नेरूळची_सोंगटी
बुद्धिबळाच्या ओपनिंगचं पुस्तक असेल तर नवीनच घ्या. जुन्यातल्या कितीतरी चाली आता इंजिनने मोडीत काढल्यात. माझा मुलगा वर्षभर जुन्या पुस्तकातून शिकला आणि स्पर्धेत पहिल्या दहा चालींतच अडकला.

खारघर_डीएम
धागाकर्ते, कोणत्या खेळाचं पुस्तक ते लिहायचंच राहिलं. डी अँड डी की पाथफाइंडर?

वर्तकनगरी
डी अँड डीच (डंजन्स अँड ड्रॅगन्स), दुसरं काय! २०१४ चं प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक) आहे, २०२४ चं घ्यायचा विचार आहे. सोंगटीताई, बुद्धिबळ नाही हो, प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ आहे, पण धन्यवाद.

जुना_फासेवाला
नका घेऊ. २००० साली तिसरी आवृत्ती आली, ती मी अमेरिकेतल्या आतेभावाला सामानात कोंबून आणायला लावली. २००३ मध्ये ३.५ आली, परत तीन पुस्तकं. २००८ मध्ये चौथी आली तेव्हा आधीचं काहीच त्यात बसेना. घरी दोन फळ्या भरल्यात आणि खेळायला माणसं नाहीत. तुमच्याकडे पाच माणसं टेबलाशी बसतायत, ती सांभाळा.

खारघर_डीएम
काका, ही तुलना पटत नाही. २०२४ चं पुस्तक पाचव्या आवृत्तीचंच सुधारित रूप आहे, जुनी साहसं त्यावर चालतात. मी स्वतः चालवतोय.
धागाकर्ते, डीएम (खेळ चालवणारा) कोण? पात्रं कितव्या लेव्हलला? कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) अर्ध्यावर आहे का?

वर्तकनगरी
डीएम मीच. सहावी लेव्हल, दीड वर्ष झालं. एवढी चौकशी कशाला? हो की नाही एवढंच सांगा ना.

खारघर_डीएम
अहो, त्यावरच तर सगळं आहे. 'नाव काढू देत नाही' तो गडी पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) आहे का? आणि नवीन मागणारी फायटर (साधी योद्धा)?

वर्तकनगरी
हो!! कसं ओळखलंत?

खारघर_डीएम
माझ्या टेबलावर हेच झालं. जुन्या नियमात पाचव्या लेव्हलपासून पॅलाडिनला दोन वार मिळतात आणि दोन्ही लागले तर दोन्हींवर डिव्हाइन स्माइट (जादा दैवी इजा) लावता येतो. नवीनमध्ये स्माइट हा बोनस अ‍ॅक्शनचा मंत्र झालाय, आणि मुख्य कृतीशिवायची ही जादा कृती एका पाळीत एकदाच. त्याला वाटतंय आपला हात कापला. आणि फायटरला वेपन मास्टरी (शस्त्रागणिक खास डाव) मिळालीय: लाँगसोर्डचा वार लागला की समोरच्याचा पुढचा हल्ला डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमीचा धरायचा), बॅटलअ‍ॅक्सने तो आडवाही पडू शकतो. आजवर 'मी मारते' म्हणून फासा टाकायचा आणि गप्प बसायचं, एवढंच तिच्या वाट्याला होतं. दोघांचंही बरोबर आहे.

मोफत_मंत्र
४,२०० रुपये? एसआरडी ५.२, म्हणजे प्रकाशकांनीच दिलेला नवीन नियमांचा संच, एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आणि कायदेशीर उपलब्ध आहे. बाराही क्लास (पात्रांचे प्रकार) आहेत, वेपन मास्टरी आहे, मंत्र आहेत, राक्षससुद्धा आहेत. पीडीएफ उतरवा, हवी तेवढी पानं झेरॉक्सवाल्याकडून काढा. विषय संपला.

खारघर_डीएम
संपला नाही. त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास (उपप्रकार) आहे. पॅलाडिनला फक्त डिव्होशनची शपथ, फायटरला फक्त चॅम्पियन. पात्रांची बॅकग्राउंड चारच, पुस्तकात सोळा आहेत. धागाकर्ते, तुमच्या पॅलाडिनची शपथ कोणती?

वर्तकनगरी
व्हेन्जन्स. फायटर बॅटल मास्टर. म्हणजे फुकटवालं बाद?

मोफत_मंत्र
बाद कसं? क्लास नवीन, सबक्लास जुन्या पुस्तकातला. पॅलाडिनचे सबक्लासचे गुण दोन्हीकडे ३, ७, १५ आणि २० लेव्हललाच येतात, फायटरचेही टप्पे जुन्या-नव्यात सारखेच आहेत. उद्या बसून जुळवता येईल. खारघरवाले उगाच पुस्तक गळ्यात मारतायत.

खारघर_डीएम
गळ्यात कोण मारतंय? सलग सहा तास मोबाइलवर पीडीएफ वरखाली करत खेळ चालवून बघा, मग बोलू.

ऐरोली_आर्केन
दोन्ही सोडा, पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती घ्या. सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर अधिकृतपणे मोफत आहेत. २०२३ मध्ये रीमास्टर (सुधारित नियम) आलं तेव्हा आमच्या ग्रुपला एक रुपयाही मोजावा लागला नाही.

वर्तकनगरी
दीड वर्षाचं कॅम्पेन टाकून नवीन खेळ शिकू? नाही जमणार, दादा.

कस्टमवाला
बाहेरून मागवत असाल तर लक्षात ठेवा, छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण २०१९ च्या बजेटमध्ये आयातीवर ५ टक्के कस्टम ड्यूटी लावली गेली. शिवाय कुरिअर कंपनीचे पैसे वेगळे.

वर्तकनगरी
बाहेरून मागवतोय असं मी कुठे म्हटलं?

घणसोली_ग्नोम
ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसलं तरी घेऊ नका, एवढं मात्र सांगते. एका विक्रेत्याने मला डुप्लिकेट पाठवलं होतं. पानं साप्ताहिकासारखी पातळ, ड्रॅगनचं चित्र धुरकट आणि आतल्या बाजूची अक्षरं बायंडिंगमध्ये गेलेली. प्रत्येक तक्ता वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागायचं. दुकानात प्रत हातात घ्या, पानं ३८४ आहेत का बघा, मगच पैसे द्या.

मराठी_मंडप
थोडं अवांतर. 'डीएम, डीएम' काय करताय? आपल्याकडे सूत्रधार हा नेमका शब्द आहे. संगीत नाटकात नांदी झाली की तोच पुढे येऊन खेळ मांडतो. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही सूत्रधारच म्हणतो.

जुना_फासेवाला
सूत्रधार खेळ सुरू करून देतो आणि निघून जातो. डीएम शेवटपर्यंत बसतो, राक्षसही तोच, पाऊसही तोच. मला 'गोष्टवाला' बरा वाटतो.

मराठी_मंडप
गोष्टवाल्याचं श्रोते ऐकून घेतात, इथे खेळाडूच गोष्ट फिरवतात. मी सूत्रधारवर ठाम आहे.

वर्तकनगरी
कृपया याचा वेगळा धागा काढा. उद्या शनिवार आहे.

खारघर_डीएम
बरं, मग माझं ऐका. एक प्लेअर्स हँडबुक, सहा जणांत काढून. माणशी ७०० रुपये. नवीन मॉन्स्टर मॅन्युअल (राक्षसांचं पुस्तक) लगेच नको. तुमच्या ग्रुपला सध्याच मारामाऱ्या जड जातायत का? ड्रुइड (निसर्गाचे मंत्र टाकणारं पात्र) आहे का?

वर्तकनगरी
ड्रुइड आहे. त्याच्या आठ लांडग्यांनी जीव खाल्लाय.

खारघर_डीएम
हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! प्राणी बोलावणाऱ्या जुन्या कंज्युअर अ‍ॅनिमल्समध्ये आठ लांडगे, त्यांना पॅक टॅक्टिक्स (सोबती जवळ असला की प्रत्येक वाराला दोनदा फासा), म्हणजे एका पाळीत वीस बाजूंचा फासा सोळा वेळा. बाकीचे चार जण तोवर चहा करून येतात. नवीनमध्ये त्याच मंत्राने आत्म्यांचा एक कळप येतो. जवळच्या शत्रूने डेक्सटेरिटीची सेव्ह (चपळाईने वाचायचा फासा) टाकायची, चुकली तर ३ डी १०, म्हणजे दहा बाजूंच्या तीन फाशांइतकी इजा. एवढ्यासाठीच माझे ४,२०० वसूल झाले असते.
मॉन्स्टर मॅन्युअल का नको म्हणतो तेही सांगतो. नवीन पुस्तकातला लांडगा चावला की मध्यम किंवा त्याहून लहान आकाराचं पात्र थेट आडवं पडतं, वाचायला सेव्ह नाही. आधी पात्रं नवीन होऊ द्या, राक्षस जुनेच ठेवा. चार-सहा सेशन झाले की लढाया सोप्या वाटायला लागतील, तेव्हा बघा.

मोफत_मंत्र
निदान उद्याचा खेळ तरी एसआरडीवर करून बघा. दुकानदाराला फोन करा, रविवारपर्यंत थांबेल.

वर्तकनगरी
थांबला! रविवारी अकरापर्यंत. आत्ता पॅलाडिनची आणि फायटरची पानं काढायला नौपाड्यात निघालोय.

वर्तकनगरी
काल खेळलो. घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे दोघं पाऊण तास उशिरा आले, तोवर बाकीच्यांची पात्रं बदलून झाली होती. पॅलाडिनवाला मित्र झेरॉक्सला हातही लावेना. मग पुलावरच्या लढाईत ड्रुइड शून्यावर जाऊन बेशुद्ध पडला. जुन्या नियमात ले ऑन हँड्सला (पॅलाडिनने हात लावून बरं करायला) पूर्ण अ‍ॅक्शन जायची, म्हणजे एकतर वार तरी करायचा नाहीतर मित्राला तरी उठवायचं. नवीनमध्ये ती बोनस अ‍ॅक्शन आहे. त्याने ड्रुइडला उठवलं आणि त्याच पाळीत दोन्ही वार केले. मग स्वतःच पान ओढून घेतलं आणि वाचत बसला. दिवसातून एक स्माइट मंत्राचा स्लॉट (ठरलेला कोटा) न घालवता मिळतो, हे त्याने आम्हाला वाचून दाखवलं. दोन स्माइट गेले याचं दुःख त्याला अजून आहे, ते मी नाकारत नाही.
फायटरने पुलावरच्या ओगर राक्षसाला तीनदा पाडलं. दीड वर्षात ती इतकी बोललेली मी पाहिली नव्हती.
सकाळी पुस्तक घेतलं, पानं मोजली, ३८४. सातशे-सातशे जमा झाले, ड्रुइडचे बाकी आहेत, त्याला लांडगेच हवेत. खारघरवाले आणि मोफत मंत्र, दोघांचेही मनापासून आभार. २०१४ चं पुस्तक टाकणार नाही. त्याची पहिली चाळीस पानं सुटी झालीत, ठाणे स्टेशनजवळ चांगला बायंडिंगवाला कोणाला माहीत आहे का?

मोफत_मंत्र
म्हणजे शेवटी विकतच घेतलंत.

नेरूळची_सोंगटी
सगळं वाचलं. हा खेळ बारा वर्षांच्या मुलाला जमेल का? आम्ही ठाणे लोकलने येऊ शकतो.

वर्तकनगरी
जमेल, ताई. पुढच्या शनिवारी चारला घेऊन या. फासे आमच्याकडे आहेत.