मदत हवी: डासांच्या लिक्विडनं टाकीतले मासे मरतात का?

लातूरहून लिहितोय. हॉलमध्ये ६० लिटरची काचेची टाकी आहे. १०-१२ गप्पी, ४ मॉली आणि लेकीच्या हट्टापायी आणलेल्या लाल चेरी श्रिंप (बारक्या कोळंब्या). सोमवारी सकाळी उठून बघतो तर सगळ्या श्रिंप आडव्या. मासे वर येऊन धापा टाकायलेत. संध्याकाळपर्यंत दोन गप्पी गेले. फिल्टर चालू, खाणं नेहमीचंच.

आठवून आठवून एकच फरक सापडला. रविवारी कूलरला प्लग मोकळा करून दिला आणि लिक्विडचं मशीन टाकीखालच्या बोर्डात लावलं. हवेचा पंप तिथंच, वीतभर अंतरावर. म्हणजे रात्रभर ती वाफ पंपानं ओढली अन् बुडबुड्यांतून पाण्यात सोडली, असं मला वाटतंय. बाटलीवर बारीक अक्षरांत ट्रान्सफ्लुथ्रिन लिहिलंय, मासे असतील तर टाकी झाका अशी सूचनाही आहे. वाचली नंतर.

मशीन बंद करा म्हणू नका. आमच्याकडं नळ आठवड्याला एकदा येतो, घरोघरी ड्रम भरलेले, डास होणारच. लेकीला गेल्या वर्षी डेंगू झाला होता, त्यामुळं मशीनला हात लावला की आई अंगावर येते. आता गंमत बघा, गप्पी मुळात आणले होते ड्रममधल्या अळ्या खायला! तिथून वाढून टाकीत आले, अन् आता डासांच्याच औषधानं मरायलेत.

स्वयंपाकघर हॉलला लागूनच. फोडणीचा धूर, गुरुवारचा ऊद. पाण्यावर तेलकट तवंग येतो, त्याचाही काही संबंध असेल का? पाणी पूर्ण बदलणं शक्य नाही. साठवलेल्यातून दोन बादल्या निघतील फार तर. बोअरचं आहे, पण लई क्षार.

प्रतिसाद १
संशय बरोबर आहे. हे पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातलं औषध. आपलं शरीर ते लवकर मोडून टाकतं, माशांना ते जमत नाही. श्रिंप तर किड्यांच्याच भावकीतल्या, त्या आधी जाणार. नुसती काच झाकून उपयोग नाही, पंप तीच हवा आत ढकलणार. ज्या खोलीत मशीन लागत नाही तिथं खिडकीपाशी पंप ठेवा अन् लांब नळी ओढा. पण पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाइट गेली की नळीतून पाणी उलटं येऊन फरशीवर. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची (औषध शोषून घेणाऱ्या कोळशाची) पिशवी टाका. रोज एकच बादली बदला, बोअरची चालेल; मॉलीला जड पाणी मानवतं.

तवंगानं हवा पाण्यात नीट मिसळत नाही. टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरा, उचला, दोन-तीनदा करा.

प्रतिसाद २
लेकीला मच्छरदाणी लावा की! ड्रमला फडकं बांधा, आठवड्यातून एकदा रिकामा करून घासून कोरडा करा. डेंगू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

धागाकर्ता
पंप हलवला, कार्बन टाकला. मच्छरदाणी आणली, आई म्हणते आत गुदमरतं, पण झोपली. तिसऱ्या दिवशी मॉली खायला लागल्या. गप्पी आणखी एक गेला. लेक श्रिंप कधी आणायच्या म्हणून रोज विचारते, किती थांबू?

प्रतिसाद १
घाई नको. हे औषध तळाच्या वाळूला धरून बसतं. वाळू धुऊन घ्या, महिनाभर जाऊ द्या, मग आधी दोनच श्रिंप सोडून बघा.