अभयारण्याआधी खिडकी

मुलांना वन्यजीवांची गोडी लावायची तर अभयारण्यात न्या, असं बरेच जण सांगतात. न्या की! पण वर्षातून एकदा लांबून दिसलेल्या वाघापेक्षा रोज खिडकीत येणारी खार जास्त शिकवते, असं माझं मत. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा घराच्या आसपासचे पक्षी मोजायचा उपक्रम असतो. १९९८ मध्ये सुरू झालेला, २०१३ पासून जगभर चालणारा. किमान १५ मिनिटं पक्षी बघायचे, मोजायचे, नोंदवायचे. (मुलं तेवढा वेळ टिकतात, आईबाबांचं बघा.)

एक मात्र घरात आधीच बोलून ठेवा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं की मुलं कळवळून उचलून आणतात. बहुतेकदा ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळपासच असतात. मांजराची भीती वाटली तर शेजारच्या झुडपात ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज खोटा आहे. बिनपिसांचं पिल्लू असेल तर घरटं शोधून परत ठेवायचं. घरटं सापडलंच नाही किंवा जखम दिसली, तर पक्षी-बचाव करणाऱ्यांना फोन.