धुण्याचा सोडा कशात ठेवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात सासूबाई भज्यांच्या पिठात सोडा घालत होत्या, चिमूट हातातच होती, आणि तो निघाला धुण्याचा! दोन्ही पांढरे, बरण्याही सारख्या. अजून धडधडतं, घरात दोन वर्षांची लेक आहे. घाईघाईत तो ॲल्युमिनियमच्या जुन्या डब्यात भरला, तर डबा आतून काळा पडून खरबरीत झालाय. सोडा ॲल्युमिनियमला खातो हे तेव्हा कळलं. आता घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी आणलीय, ठळक नाव लिहून न्हाणीघरात उंच फळीवर ठेवणार आहे. पण आम्ही रत्नागिरीत, पावसाळ्यात सगळंच सादळतं. सोड्याचे गोळे होऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता? शिवाय हाताने कालवला की बोटं चरचरतात, रबरी हातमोजे पुरतात का?