‘हवामान बदल’, ‘वातावरणीय बदल’ की आणखी काही? आणि ‘हरितगृह’ हिरवं कशासाठी?

चौकसबुवा (धागाकर्ता)

जागतिक तापमानवाढीबद्दलच्या गैरसमजांवर शाळकरी मुलांसाठी एक पुस्तिका मराठीत करतोय. पहिल्याच पानावर गाडी अडली. राज्य सरकारचा विभाग २०२० पासून ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ आहे. वर्तमानपत्रं ‘हवामान बदल’ लिहितात. दिल्लीचं मंत्रालय २०१४ पासून ‘जलवायू परिवर्तन’वालं आहे, तो शब्द हिंदीतून आपल्या बातम्यांत शिरतोच. काही जण ‘ऋतुबदल’ लिहितात, तो मात्र मला साफ नापसंत. ऋतू दर दोन महिन्यांनी बदलतातच की, त्यात बातमी कसली?

प्रश्न नुसत्या प्रमाण शब्दाचा असता तर सरकारी शब्द उचलून मोकळा झालो असतो. पण जमवलेले गैरसमज चाळताना वाटलं, यातले बरेचसे आपल्या शब्दांनीच पोसलेत. रात्रीच्या बातम्यांतला ‘हवामान अंदाज’ असतो उद्याचा, आणि ‘हवामान बदल’ मोजायचा तो निदान तीस वर्षांच्या सरासरीवर. दोन्हीकडे शब्द एकच. मग कुणी उद्याच्या थंडीवरून तापमानवाढ खोटी ठरवली, तर त्याला हसायचं कोणत्या तोंडानं? जाणकारांनी मत द्यावं.

जुनं_खोड

हवा अरबी, मान संस्कृत. पर्जन्यमान, राहणीमान, तापमान यांतला तोच ‘मान’, म्हणजे माप, प्रमाण. शब्दाची घडण पाहिली तर ‘हवामान’ हे क्लायमेटलाच जास्त शोभतं. रोजच्या वेदरला आपल्याकडे नुसती ‘हवा’ होती: आज हवा कुंद आहे, हवा पडली आहे, हवा बरी नाही. माझ्या पिढीतले पुणेकर अजूनही ‘हवामान खात्याचा अंदाज’ म्हणत नाहीत, ‘वेधशाळेचा अंदाज’ म्हणतात (आणि छत्री घरी ठेवतात).

पण आता खात्याच्या नावातच हवामान आहे, अंदाजातही आहे. शब्द परत मिळवायची वेळ टळली.

‘वातावरणीय’ला माझा विरोध. मराठीत वातावरण सभेत तापतं, घरात बिघडतं, निवडणुकीत बदलतं. शिवाय मामला फक्त वातावरणाचा नाहीच. वाढलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात मुरते.

माणदेशी

आमच्याकडं या गोष्टीला शब्द आहे आणि तो कुणी पुस्तकात घेत नाही: हवापाणी. ‘सुनेला इथलं हवापाणी मानवलं न्हाई.’ ‘त्या गावचं हवापाणी चांगलं.’ आज हवापाणी गार आहे असं कोण म्हणतं का? नाही म्हणत. हवा आजची, हवापाणी त्या मुलखाचं. वेदर आणि क्लायमेटचा भेद अडाणी म्हातारीलाही कळतोय, लिहिणाऱ्यांना कळंना.

जुनं_खोड

माणदेशी, टाळ्या. हिंदीतलं जलवायू, उर्दूतली आबोहवा आणि हे हवापाणी एकाच साच्यातले. बंगालीत तर दोन वेगळे शब्द रुळलेत, रोजच्यासाठी ‘आबहावा’ आणि दीर्घकाळासाठी ‘जलवायु’. आपण घरचा शब्द घरात ठेवला.

चौकसबुवा

शब्द लाख मोलाचा आहे. फक्त ‘हवापाणी बदल’ म्हटलं की पाचगणीला हवापालटाला निघाल्यासारखं वाटतं. शीर्षकात ‘हवामान बदल’च ठेवतो आणि पहिल्या परिच्छेदात ‘हवा’ आणि ‘हवापाणी’ यांच्या जोडीनं फरक समजावतो.

शंकेखोर

मंडळी, निफाडला थंडीत पारा इतका उतरतो की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. बागायतदाराला सांगा तुमची तापमानवाढ. आणि हवामान काय आज बदलतंय? हिमयुगं येऊन गेली, तेव्हा कुठे होत्या मोटारी?

गोदाकाठ

मी निफाड तालुक्यातलीच, शेकोट्या पेटवणाऱ्यांच्या घरातली. तो गारठा म्हणजे ‘हवा’. उत्तरेकडून थंड वारे आले, आकाश निरभ्र असलं, की पारा उतरतो आणि पुढेही उतरेल. ‘वाढ’ आहे ती सगळ्या पृथ्वीच्या सरासरीत. एखादी रात्र गार पडणं त्यात बसतं. उलट बाजूचंही तेवढंच खरं: २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला तेव्हा सगळीकडे ‘बघा हवामान बदल!’ सुरू झालं. एका वर्षावरून तेही म्हणता येत नाही. हवामान खात्यानं २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या, मुंबईतून परतायची तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याकडे सरकवली, ती अनेक दशकांच्या नोंदी पाहून. असं काही असेल तर बोलावं.

हिमयुगाचं म्हणाल तर त्या उदाहरणानंच तुमची बाजू लंगडी होते. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा साधारण पाच ते सात अंशांनी कमी होतं. तेवढ्या फरकानं युरोप-अमेरिकेच्या उत्तरेवर किलोमीटर-किलोमीटर जाडीचा बर्फ होता. ते तापमान चढायला हजारो वर्षं लागली. आपण दीडशे वर्षांत एक अंशाच्या पुढे गेलो. सूर्यावर बिल फाडू म्हटलं तर वातावरणाचे सगळेच थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबर, थंड होतोय.

शंकेखोर

हिमयुगाचा मुद्दा मान्य. तरी बातम्यांतली ती ‘दीड अंशाची मर्यादा’ ऐकून कुणी घाबरत नाही हो. आमच्या घरात एसीच्या रिमोटवर दिवसातून चार वेळा तेवढा फरक होतो.

चौकसबुवा

यावरून एक व्यावसायिक दुखणं. अमेरिकी वाचकांसाठी हा आकडा फॅरनहाइटमध्ये करताना माणसं पाठ केलेलं सूत्र लावून ३२ मिळवतात. तापमान बदलून घ्यायचं असेल तर ३२ मिळवा, तापमानातली *वाढ* बदलायची असेल तर नाही. १.५ अंश सेल्सियसची वाढ म्हणजे २.७ अंश फॅरनहाइटची वाढ. सूत्र आंधळेपणानं लावलं तर ३४.७ येते आणि पृथ्वी छापखान्यातच भाजून निघते. म्हणून मी ‘तापमान दीड अंश’ असं कधी लिहीत नाही, ‘सरासरी तापमानात दीड अंशाची वाढ’ असं पुरतं लिहितो. शब्द वाढले तरी चालतील.

मावळचा_गुलाब

शीर्षकातल्या दुसऱ्या प्रश्नावर कुणीच बोलेना. तळेगावजवळ आमची पॉलिहाउसं आहेत, गुलाब आणि जर्बेरा. कागदोपत्री ‘हरितगृह’. पुतण्याला शाळेत ‘हरितगृह वायू’ आहेत, त्यानं मला विचारलं, ‘काका, तुमच्याकडचे वायू बाहेर सोडता का?’ पोरगं चुकलं नाही. हरित म्हटलं की हरितक्रांती, हरित ऊर्जा, सगळं चांगलं चांगलं. मग हे वायू वाईट कसे?

आता आमचं पॉलिहाउस कसं तापतं ते सांगतो. वर दोनशे मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, बाजूला पडदे. सकाळी नऊनंतर ऊन चढलं की आत घाम फुटतो. तेव्हा आम्ही बाजूचे पडदे गुंडाळून वर घेतो, वरच्या खिडकीतून गरम हवा निघून जाते, थोड्या वेळात आत उभं राहवतं. म्हणजे तिथं उष्णता अडते ती मुख्यतः हवा कोंडल्यामुळं. आकाशात असा कागद कुठंय? तिथं काहीच कोंडलेलं नाही. मग नाव आमचं का बदनाम?

गोदाकाठ

काका, तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे आणि शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. नाव चिकटलं ते चिकटलं. ऊन खाली येतं, जमीन तापते आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी वर फेकते. पाण्याची वाफ, कर्बवायू (कार्बन डाय-ऑक्साइड), मिथेन हे ती शोषतात आणि त्यातली बरीच पुन्हा खाली पाठवतात. गोधडी जशी स्वतः ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब लवकर जाऊ देत नाही, तसं. तुमचा पडदा वाऱ्याला अडवतो, हे वायू किरणांना.

आणि ते मुळात वाईट नाहीत. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे अठराच्या आसपास असतं. आज ते पंधराच्या घरात आहे. तक्रार आहे ती गोधडी जाड होत चालल्याची. कर्बवायूचं प्रमाण कारखानदारी सुरू होण्याआधी दहा लाख भागांत सुमारे २८० होतं, आता ४२० च्या वर गेलंय.

जुनं_खोड

मग ‘उष्णतारोधक वायू’ म्हणा. ‘हरित’ काढून टाकलं की निम्मा घोळ मिटेल.

चौकसबुवा

परीक्षेत मुलांचे गुण जातील. पाठ्यपुस्तकात ‘हरितगृह वायू’ आहे. पहिल्यांदा येईल तिथे ‘उष्णता अडवणारे, म्हणजेच हरितगृह वायू’ असं करतो.

पंक्चरवाला

ओझोनला भोक पडलं आणि त्यातून ऊन आत येतं म्हणून गरम होतंय, असं आम्हाला शाळेत सरांनी शिकवलेलं. ते धरायचं की सोडायचं?

गोदाकाठ

सोडा. या यादीत सगळ्यात चिवट गैरसमज हाच. ओझोनचा थर अतिनील किरणं गाळतो. तो विरळ झाला तर त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, पण जग तापायचं हे मुख्य कारण नाही. अंटार्क्टिकावरचं ते ‘छिद्र’ १९८५ मध्ये जाहीर झालं, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, फ्रिजमधले ते जुने सीएफसी वायू बंद होत गेले आणि थर हळूहळू भरून येतोय. तेच सीएफसी उष्णताही अडवतात, एवढंच काय ते नातं. ‘भोक’ हा शब्दही फसवा. तिथे आरपार काही नाही, थर पातळ झालेला असतो.

पंक्चरवाला

बरं. मग पीयूसी काढली तर आपली गाडी यातून सुटली ना?

मावळचा_गुलाब

हा हा. पीयूसीवाला पेट्रोलच्या गाडीला नळी लावून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतो, डिझेलच्या गाडीला धुराचा काळेपणा. ते फुप्फुसांसाठी. पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडवर त्या कागदावर मर्यादाच नाही.

गोदाकाठ

आणि तो दिसत नाही, वासही नाही, म्हणून ‘प्रदूषण’ शब्दात बसत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे सव्वादोन-अडीच किलो कर्बवायू तयार होतो. पाऊण किलोच्या पेट्रोलमधून एवढा कसा, असं मुलं हमखास विचारतात. कारण जळताना हवेतला प्राणवायू त्याला जोडला जातो. काही प्रदूषण तर उलट थोडं गार करतं. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी उसळला, तेव्हा त्याच्या गंधकयुक्त कणांनी ऊन परतवलं आणि जगाचं तापमान दीड-दोन वर्षं सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. धूर आणि तापमानवाढ पुस्तिकेत एकाच चित्रात दाखवू नका.

माणदेशी

आमच्याकडं भूकंपालाबी हेच कारण लावतात. किल्लारी झालं तवापासून ‘निसर्गाचा कोप’ या एका पोत्यात सगळं.

जुनं_खोड

भूकंप, त्सुनामी वेगळे काढा. ढगफुटीही जपून वापरा. तासाभरात शंभर मिलिमीटर पडला तर हवामान खातं ढगफुटी म्हणतं, आपल्याकडे नाला तुंबला तरी ढगफुटी. आणि तापमानवाढ म्हणजे नुसता दुष्काळ असंही लिहू नका. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. पावसाचं वागणं बदलतंय, एकूण बेरीज न वाढताही.

चौकसबुवा

सगळं टिपून घेतलं. आता शेवटची अडचण: ‘नेट झीरो’. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारतानं २०७० चं उद्दिष्ट जाहीर केलं, त्यावर अर्धं पान आहे. ‘शून्य उत्सर्जन’ लिहिलं तर धूर निघणं पूर्ण बंद असा अर्थ होतो. शिवाय सातवी-आठवीच्या मुलांना ‘उत्सर्जन’ म्हणजे मूत्रपिंडाचा धडा आठवतो आणि वर्गात हशा पिकतो.

माणदेशी

जमाखर्च लिवा की. जेवढा वायू सोडला तेवढा परत शोषला, शिल्लक काय नाय.

जुनं_खोड

‘निव्वळ शून्य’ ठेवा, निव्वळ नफ्यातला निव्वळ. आणि ‘उत्सर्जन’ हसू देत त्यांना, लक्षात तरी राहील.